फुलीवालीचा मुक्काम

गिरगाव, ४ ऑगस्ट २०२४

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. गुडघा बदलून झाला. डॉक्टरांनी जिने उतरायला बंदी केली आहे, त्यामुळे आमच्या निसर्गप्रेमी मंडळींबरोबर दर रविवारी वडाळ्याला किडे-कोळी बघायला जाणं बंद. घरात पालीशिवाय काही दिसत नाही.

तेव्हा एक काम तुझ्याकडे. ऑपरेशनआधी तुझ्याकडे राहिले, तेव्हा गॅलरीत मनूच्या कढीपत्त्याला एक कोळीण लटकलेली पाहिली. अंगावर पिवळे-काळे पट्टे, जाळ्यात पांढऱ्या नागमोडी धाग्याची फुली आणि फुलीवर ही बाई डोकं खाली करून बसलेली. रोज बघ आणि मला कळव. माणसाला ती काही करत नाही. झाडू लावू नकोस आणि कढीपत्त्याला पाणी घाल. मनू गेल्यापासून तो वाळत चाललाय.

यतीन तुला भेटून आला. म्हणाला, मामी वारल्यापासून मामा दिवेलागणीलाच पडदे ओढून बसतो. माझा मुलगा खोटं बोलत नाही. बाकी क्षेम.

तुझी ताई

माटुंगा, ९ ऑगस्ट

ती. सुमतीताईस शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या कंपासपेटीत तू नाकतोडा ठेवला होतास. सत्तरी ओलांडलीस तरी खोड गेली नाही. तरी स्वयंपाकघराच्या दारातून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून, पाहतो आहे.

परवा एक माशी जाळ्यात आली. फुलीवालीने तिला असं भराभर गुंडाळलं की साडीच्या दुकानातला माणूस मागे पडावा. मी टाळी वाजवणार होतो. जाळ्याच्या कडेला आणखी एक चिमुकला तपकिरी कोळी दिसतो. तिचं पिल्लू असावं. आई खाते, ते बिचारं नुसतं बघतं.

पडद्यांचं म्हणशील तर समोरच्या बिल्डिंगमधले दिवे लागले की मला घर जास्तच रिकामं वाटतं. पाणी घातलं.

तुझा कमलाकांत

गिरगाव, १४ ऑगस्ट

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

अरे, पिल्लू कसलं, नवरोबा आहेत ते! यांच्यात नवरा एवढाच असतो. जवळ जायचं तर आधी धागा हलवून परवानगी मागतो. बाईंचा मूड नसला तर त्यांचं जेवण होतो. मध्ये पडू नकोस. आपल्या घराण्यातल्या पुरुषांना परवानगी मागायची सवय नाही, तेवढं शिकून घे. आणि जरा जवळ जाऊन बघ. दारातून काय दिसणार?

सुमती

माटुंगा, २५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

नवरोबा दिसेनासे झाले. काय झालं ते विचारू नकोस, मी नेमका चहा गाळत होतो. शुक्रवारी तिने पानांच्या आडोशाला रेशमाची हिरवट चपटी पिशवी विणली. मी स्टूल घेऊन शेजारीच बसलो होतो. दुपारचं जेवायचं राहून गेलं.

पण घोळ झालाय. सेक्रेटरी हेरंबरावांनी गणपतीआधी सगळ्या गॅलऱ्यांत औषध फवारायचं ठरवलंय. शनिवारी मीटिंग आहे. मनू गेल्यापासून मी खाली मीटिंगला गेलेलो नाही. लोक हळहळून बघतात ते नको वाटतं. तू हेरंबरावांना फोन करशील का? ते तुला घाबरतात.

कमलाकांत

गिरगाव, २८ ऑगस्ट

चि. कमलाकांत,

फोन करणार नाही. गॅलरी तुझी आहे. जा आणि बोल.

एक आधीच सांगून ठेवते. अंडी घातल्यावर या बाया फार दिवस काढत नाहीत. एखाद्या सकाळी जाळं रिकामं दिसेल, तेव्हा घाबरू नकोस.

ताई

माटुंगा, १८ सप्टेंबर

ती. सुमतीताईस शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. मीटिंगला गेलो. उभा राहिलो आणि परत खाली बसायला लागलो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या राधा पाटकर म्हणाल्या, त्यांना बोलू द्या, किती दिवसांनी आलेत. मग बोललो. ती माशी कशी गुंडाळते, पिशवी कशी विणते, सगळं. हेरंबराव म्हणाले, एक गॅलरी सोडू, पण आम्हालाही दाखवायचं. तरी फवारणीच्या दिवशी औषधवाला पाइप घेऊन दारात हजर! त्याच्या यादीत सगळीच घरं होती म्हणे. मी बनियनवरच गॅलरीचं दार अडवून उभा राहिलो आणि हेरंबरावांना हाक मारली. त्यांनीच त्याला परत पाठवलं.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी जाळं रिकामं होतं. तू सांगून ठेवलं होतंस, तरी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. मनूसाठी रडायचं राहिलं होतं, ते त्या दिवशी झालं. नंतर कढीपत्त्याला पाणी घातलं.

आणि काल सकाळी पिशवीला भोक! राईहून बारीक पिल्लं, शेकड्यांनी. शेंड्यावर चढायची, पोट वर करायची, धागा सोडायची आणि वारा आला की निघाली. ताई, मला एकट्याला ते बघवेना. पायजम्यावरच जिना चढून राधाबाईंची बेल वाजवली, मग हेरंबरावांची. बघता बघता गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एक पिल्लू हेरंबरावांच्या चष्म्यावर उतरलं. ते उडून जाईपर्यंत एवढा मोठा माणूस श्वास रोखून उभा. मग मी सगळ्यांना चहा केला. कप कमी पडले, राधाबाईंनी वरून आणले.

या रविवारी तुझ्या मंडळींबरोबर वडाळ्याला जायचं म्हणतो. भिंग घेतलंय. पण माझी तिथे कोणाशी ओळख नाही. गेल्यावर कोणाशेजारी उभा राहू, तेवढं उलटटपाली कळव.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो असाच हुकूम सोडत राहो.

तुझा धाकटा भाऊ
कमलाकांत