तांब्याखालची ओळ

नाते, ता. महाड
५ फेब्रुवारी २०२५

चि. अवधूत यास आनंदीआत्याचे अ. आ.

फोन केला की रेंज नाय म्हणून पळतोस. म्हणून लिहिते. कागद मधेच कापता येत नाय.

तुझ्या पुस्तकावरची हिंदी मालिका सईच्या मोबाईलवर बघितली. पुस्तक तूच माझ्या ओटीवर बसून वाचून दाखवलं होतंस. त्यात आभाळातनं यान उतरतं, आतले लोक आपला डोंगर मोजतात आणि वर आपल्यालाच रानटी म्हणतात. पटलं होतं मला. पडद्यावर मात्र ते आभाळवाले शहाणे, आणि तोंडाला निळा रंग फासलेले परग्रहावरचे कोण, तर आम्ही! आमच्याच गांधारीच्या काठावर! रंग लावून घेतला तो तुझ्या शब्दावर.

ते पण गिळलं असतं. पण मी तांब्या पुढं करून म्हणते, या, बसा, पाणी घ्या. आणि खाली हिंदीत छापलंय, धरा यांना, रक्त प्या. आपलं बोलणं काय जनावराचं हाय काय रे?

महाडच्या कॉलेजात पोरं सईपुढं बाटली धरून रक्त मागतात. पोर आता घरात पण पुस्तकी बोलते. मला म्हणते, आई, चारचौघांत तू बोलूच नकोस. माझी पोर मला लाजते, अवधूत. शिमग्याला ये आणि पालखीपुढं, तिच्यादेखत सांग मी काय बोलले होते ते.

लोभ होता. ठेवायचा की नाय, ते तू आल्यावर बघू.
आत्या

---

मुंबई
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण पुस्तक वेगळं, पडदा वेगळा. निर्माते म्हणतात, प्रेक्षक उतरणाऱ्यांच्या नजरेनं बघतो. समोरच्याची त्याला भीती वाटायला हवी. तुमची बोली कानाला नवी, म्हणून त्यांना आवडली. ती ओळ मला दाखवली होती. एवढ्यासाठी काम अडवणं बरं दिसलं नसतं. सईला समजाव, सगळं कल्पनेतलं आहे.

शिमग्याला जमणार नाही. दुसऱ्या भागाचं लिहितोय, आणि शूटिंग पुन्हा नाते गावातच आहे. बायकांना सांगून ठेवशील ना?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा अवधूत

---

नाते
२२ मार्च २०२५

चि. अवधूत यास आशीर्वाद, हातचा राखून.

कल्पनेतलं म्हणे! मग कल्पनेत तुझ्या आईला का नाय निळं केलंस?

तू आला नाहीस, म्हणून शिमग्यात गावातल्या भागोजीनं तुझंच सोंग घेतलं. गॉगल, उलटी टोपी, गळ्यात खोक्याचा कॅमेरा, आणि हातात पुठ्ठा, त्यावर तुमची ती खालची ओळ. पालखीपुढं मी तांब्या धरला, म्हटलं ये, बस, पाणी घे. त्यानं पुठ्ठा वर केला आणि बोंब मारत लोकांच्या अंगावर पडला. माणसं हसून लोळली.

सई तेवढी हसली नाय. मागं उभी होती ती पुढं आली, पुठ्ठा हिसकून फाडलान आणि भागोजीवर खेकसली, माझी आय पाणी देतेय, दिसत नाय काय रे तुला? सोंग हाय, हे विसरलीच पोर. तुझी मालिका आल्यापासून तिच्या तोंडचं आपलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं मी.

दुसऱ्या भागाला इथं एक तोंड रंगवायला मिळायचं नाय, बायकांना सांगून ठेवलंय. तू मात्र ये. उंबऱ्यात आलास तर पाणी देईन, ते आपल्यात चुकत नाय.

खाली काय लिहायचं, ते तू ठरव.

आनंदीआत्या