अँटेनाला काही होऊ दिलं नाही

३ सप्टेंबर, सकाळ
कालपासून गडगडतंय. शेजारीण म्हणाली, तुमच्या गच्चीवरची ती अँटेना म्हणजे विजेला धाडलेलं आमंत्रण. म्हटलं, तू तुझं घर बघ. तरी दोनदा गच्चीवर जाऊन बघून आलेच.
हे गेले तेव्हाच मुलगी म्हणाली होती, आई, बाबांचा तो हॅम रेडिओ विकून टाक. का विकू? खातो का पितो?
ठरवलं: अँटेनाचा बंदोबस्त याच आठवड्यात.

संध्याकाळ
रेडिओ लावला. धूळ धरू नये म्हणून रोज लावते, बाकी काही नाही. यांची हॅमवाली मित्रमंडळी रोज संध्याकाळी आपापल्या घरून त्यावर एकमेकांशी बोलतात. त्यांच्यातले मास्तर सगळ्यांची हजेरी घेतात. यांच्यात प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांचं एक नाव असतं. एक जण सारखा खोकतो, मी त्याला खोकल्या म्हणते; तो खोकतच हजर म्हणाला. सगळ्यांत शेवटी मास्तर आमच्या यांचं नाव घेतात, गेलेल्या माणसाचा मान म्हणून. मग गप्पा पुढे चालू.
मला त्यावर बोलायचं लायसन नाही. यांचं नाव आलं की खोलीतल्या खोलीत हजर म्हणते. तोंडाला सवय.

५ सप्टेंबर
वायरमन आला. अँटेनाच्या खांबापासून तांब्याची जाड वायर खाली आणली, अंगणात लांब सळई ठोकली, तिला जोडली. वायरला वळण नको म्हणाला, विजेला सरळ वाट लागते. म्हटलं, मग आमच्या जावयापेक्षा बरी. सळईजवळची माती ओली ठेवा म्हणाला. आणि गडगडायला लागलं की रेडिओचा भिंतीतला प्लग काढा, मागची अँटेनाची केबलही काढा. काकू, दोन्ही काढा. दोनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

८ सप्टेंबर
दुपारी आभाळ फाटलं. धावत जाऊन प्लग काढला, केबल काढली, केबलचं टोक खिडकीबाहेर टाकलं. कपाटाला ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं. पण रेडिओ वाचला. माझ्यासारखी तत्पर बाई दिवा घेऊन शोधा.

९ सप्टेंबर
ऊन पडलं. प्लग भिंतीत लावला, हिरवा दिवा लागला. झालं सगळं जागच्या जागी.
संध्याकाळी नुसती खरखर. सुट्टी घेतली असेल मंडळींनी. सांगायचं तरी.

१० सप्टेंबर
खरखर. हे म्हणायचे, सूर्यावर डाग पडले की आवाज पोचत नाही. डागच असणार. मला कसलं टेन्शन नाही. सळईला दोन बादल्या पाणी घातलं.

१२ सप्टेंबर
सूर्याकडे बघितलं. डाग दिसला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.
ठरवलं: रेडिओ बंद. माणसाने सवयीचं गुलाम होऊ नये.

संध्याकाळ
लावला. खरखर. कुणी नाव घेतलं नव्हतं तरी हजर म्हटलं.

१३ सप्टेंबर, रविवार
यांना आज वर्ष झालं. मुलीचा फोन आला. म्हणाली, एकटीला करमतं ना? म्हटलं, न करमायला मला वेळ कुठाय. खरं तर बोलणार होते अजून, पण तिला घाई होती.
आज मास्तर यांच्याबद्दल दोन शब्द बोलतील असं काही मला वाटत नव्हतं. पदर सावरून बसले होते, ते उकडत होतं म्हणून. खरखर. बंद करून पडदे धुतले.

१४ सप्टेंबर
वायरमनला बोलावून झाडलं. म्हटलं, तुझ्या तांब्याने माणसांचे आवाजसुद्धा जमिनीत गाडले. त्याने रेडिओच्या मागे हात घातला, मग खिडकीबाहेरून केबल आत ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली. काकू, ही लावायची राहिली. मी म्हटलं, ठाऊक होतं मला, तुला कळतंय का बघत होते. बरं म्हणाला. चहाला थांबला नाही.

संध्याकाळ
मास्तर अगदी पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखे. हजेरी झाली. खोकल्या हजर. मी घसा साफ करून ठेवला.
मास्तर एकदम बॅटरीच्या गप्पांवर गेले.
कुणीतरी विचारलं, शेवटचं नाव राहिलं का. मास्तर म्हणाले, काल तुम्ही नव्हता. वर्ष झालं, तेव्हा काल सगळ्यांनी मिळून त्यांना निरोप दिला, हजेरीतून नाव काढलं. खोकल्या म्हणाला, छान झालं, मी तर रडलोच. वहिनी ऐकत असतील म्हणून मास्तर त्यांच्याशीही बोलले, असंही म्हणाला. वहिनी म्हणजे मी.
काय बोलले ते कुणी विचारलं नाही. मग पुन्हा बॅटरी.

१५ सप्टेंबर
केबल हलवून बघितली. घट्ट आहे. सळईला पाणी घातलं. वायरमनचं काम पक्कं आहे, उगाच ओरडले त्याला. आता किती का विजा कडाडेनात, या घरात काही व्हायचं नाही.