शुक्रवारची घंटा

मी, उर्मिला हरिश्चंद्र पेडणेकर, वय वर्षे अडुसष्ट, राहणार भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचा भरवसा नाही असे डॉक्टर म्हणाले, म्हणून ही घाई.

१. माझ्या नावावरचा राहता फ्लॅट मुलगा नीरज याला द्यावा. तो शारजात एसी दुरुस्तीचे काम करत होता. मंदीत कंपनी बंद पडली, मालक पळाला आणि नीरजचा पासपोर्ट त्याच्याच कुलपात राहिला. तो मिळेपर्यंत नीरजला येता येत नाही. तोवर फ्लॅट भाड्याने देऊ नये. आठजणांच्या खोलीत राहतोय पोर. परत आल्यावर निदान स्वतःचे दार उघडून आत जाता यावे.

२. सोन्याच्या पाटल्या व शिलाई मशीन मुलगी रसिका हिला. फ्लॅटवर हक्क सांगणार नाही, असे ती आपणहून म्हणाली. तिच्या जागी मी असते तर इतका मोठेपणा दाखवला नसता.

३. दीर काशीनाथ यांना काहीही नाही. गेल्या चैत्रात हे गेले, तेव्हा भरल्या घरात ते म्हणाले, "बापाला खांदा द्यायला येत नाही, असला कसला पोरगा?" त्या पोराने तिकडे एका पाकिस्तानी न्हाव्याकडे जाऊन मुंडन केले. न्हाव्याने कारण विचारले आणि पैसे घेतले नाहीत. एवढेच सांत्वन त्याच्या वाट्याला आले. काशीनाथभावोजी आले तर चहा द्यावा, बोलायला देऊ नये.

४. मला अग्नी रसिकाने द्यावा. कोणाची वाट पाहू नये. नीरजला पासपोर्ट मिळेपर्यंत काही कळवू नये. कळले तरी येणार कसा? खाटेवर नुसता बसून राहील. बाबा गेल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा बराच वेळ त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. ते पुन्हा नको.

५. तो सुखरूप आला की ओटी भरीन, असे डोंगरीच्या देवीला बोलले आहे. तिने अजून तिचे काम केलेले नाही, तेव्हा साडी कपाटातच राहू द्यावी. मी देवीवर रागावले आहे, पण आरती एकदाही चुकवलेली नाही. तो आल्यावर रसिकाने ओटी भरावी.

६. देवघरातली पितळी घंटा रसिकाला. नीरजच्या खोलीत दिवा लावायला मनाई आहे. म्हणून दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, तो फोनचे कार्ड विकत घेऊन फोन करतो. मी रिसीव्हर देवांपुढे पाटावर ठेवून आरती करते आणि तो तिकडे डोळे मिटून ऐकतो. माझा उजवा हात आखडल्यापासून घंटा डाव्या हाताने वाजवते, थांबत थांबत.

गेल्या शुक्रवारी, माझ्यामागे जमेल का बघावे म्हणून, रसिकाला वाजवायला लावली. लगेच पलीकडून आवाज आला, "आई कुठंय?"

"इथेच आहे रे," मी म्हटले.

तो म्हणाला, "मग तूच वाजव ना."

फोन ठेवल्यावर रसिका रडली. "मला नाही जमणार गं हे खोटं." मलाही दुसरे काही सुचत नाही.

तेव्हा रसिका, डाव्या हाताने वाजव. सावकाश. त्याने विचारलेच तर आई पूजेत आहे म्हण. तरीही ओळखले, तर नाही म्हणू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस. त्याचे कार्ड संपेपर्यंत घंटा वाजवत राहा. तेवढा वेळ तरी तो एकटा नसेल.

या सगळ्याची व्यवस्था जावई कौस्तुभ याने पाहावी. मजकूर मी सांगितला, शेजारीण शैला हिने लिहिला, मला वाचून दाखवला. सही डाव्या हाताची आहे. वाकडी असली तरी माझीच.

सही: उर्मिला ह. पेडणेकर

साक्षीदार:
१. शैला दशरथ मोहिते, शेजारीण
२. डॉ. सुयोग करंदीकर (सही करताना बाई पूर्ण शुद्धीवर होत्या.)

स्थळ: भाईंदर पूर्व
दिनांक: ८ ऑक्टोबर २००९, गुरुवार