जबड्याचं हाड आणि भुजंगप्रयात

सर,

उद्या माझ्या खालच्या जबड्याचं हाड घासून सपाट करणार आहेत. मग त्यात स्क्रू बसवून त्यांवर दातांची अख्खी ओळ पक्की करायची, तुमची केली होती तशीच. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. सिल्व्हर पार्कजवळच्या दवाखान्यात तुम्हाला मीच नेलं होतं. सुटी कवळी बोलताना वाजायची, म्हणून तुम्ही कविता म्हणणंच सोडून दिलं होतंत. "मऊ भात खातो, माझं काय अडलंय?" म्हणायचात. मीच महिनाभर मागे लागलो.

डॉक्टर तरुण, गुजराती. "अंकल, दुखला तर हात वर करा हं." तुम्ही बोळकं पसरून हसलात. "शाळेत हात वर केला की मी पोरांना बाहेर सोडायचो. तुम्ही सोडणार ना?" मग तोंड उघडं अडकवलं, बोलणं संपलं, यंत्र घरघरू लागलं. तुमचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट धरून मी बसलोय. खिडकीबाहेर तेव्हा मिठागरं दिसायची, तिकडेच बघतोय, तुमच्याकडे बघवत नाही. एवढ्यात माझ्या तळव्याखाली तुमचं बोट वाजतंय. एक हलका ठोका, दोन जड. पुन्हा एक हलका, दोन जड. टेबलावर अस्संच बोट आपटून तुम्ही आम्हाला वृत्तं शिकवलीत. मला भरून आलं. म्हटलं, "चालू द्या डॉक्टर, सर मनात भुजंगप्रयात म्हणतायत." "क्या बात है, अंकल!" म्हणत त्याने दुसरी बाजू घासायला घेतली.

घरी आल्यावर, तोंडात कापूस म्हणून, औषधाच्या चिठ्ठीमागे फळ्यावरच्या त्या वळणदार अक्षरात तुम्ही लिहिलंत, "वृत्त नव्हतं. बधिरपणा उतरला होता. हात सोड म्हणत होतो."

दात छान बसले. तुम्ही चकल्या खाल्ल्यात, शेजारच्या मुलीला कविता शिकवल्यात. मी आलो की मात्र चहा आणि पेपरातल्या बातम्या. "एक म्हणा ना" असं म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि मग तुम्ही गेलातच.

मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या मी हात धरून बसतो." मी "नको!" म्हणून ओरडलोच. का ते त्याला सांगवलं नाही, म्हणून हे वहीत, पाकिटाशिवाय. ठोक्यांचं मला खरंच तसं वाटलं, सर. पण त्याच्या आधी दोनदा तुमचा हात वर येत होता आणि ते मला कळलं होतं. मी तो दाबून धरला. तुम्ही उठला असतात तर पुन्हा आला नसतात, आणि कविता मला ऐकायची होती.