माझे विचार आणि डोंगरसिंग

पुसद, ५ जानेवारी १९६१
आजपासून रोज एक विचार. जीवन, कला, इतिहास, वाचन, कशावरही. वाचनालयाच्या वार्षिक सभेत यंदा लेक्चर माझंच. अजून कोणी विचारलेलं नाही. पण गावात दुसरा आहे कोण?
आजचा विचार: राजे तलवारीने मेले, पोरं त्यांच्या सनावळीने मरतात.

६ जानेवारी
सौ.ला विचार ऐकवला. म्हणाली, डाळ निवडून द्या. निवडली. विचारवंताला घरात किंमत नसते.

९ जानेवारी
कय्युमच्या हॉटेलात डोंगरसिंग. तांड्यावरचा शाळासोबती, आता शेती करतो. सगळे विचार ऐकवले. म्हणाला, "अजून एकदा सांग ना." रसिक माणूस!

१७ जानेवारी
विचार आला नाही. सर्दी.
डोंगरसिंगला कालचा, कलेवरचा ऐकवला: चित्र कळलं नाही तर लांबून पाहावं, तरी नाही कळलं तर घरी जावं. चहा सांडेपर्यंत हसला.

२६ जानेवारी
दगा! सभेत वक्ता डोंगरसिंग. राजे माझे, चित्र माझं, टाळ्या त्याला. मी उठून ओरडलो, हे सगळं माझं आहे! अध्यक्ष बाबाराव गहिवरून म्हणाले, "पाहा! चांगलं बोललं की ऐकणाऱ्याला आपलंच वाटते." पुन्हा टाळ्या.

२७ जानेवारी
डोंगरसिंगशी बोलणं कायमचं बंद. तसं सांगायला तांड्यावर गेलो. म्हणाला, "तू मागच्या साली सभेत बोलाले उभा राह्यला अन् काही न बोलता खाली बसला. मले वाटलं, एवढं चांगलं वाया जाईन." मागच्या वर्षी घसा बसला होता. "माझं नाव काहून नाही घेतलं?" विचारलं. म्हणाला, "घेणारच होतो, टाळ्यांत राह्यलं." डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावर धूळ फार.
भुरीबाईनं, त्याच्या बायकोनं, जेवायला वाढलं. रागातच जेवलो.

२ फेब्रुवारी
सौ. शेजारणीला सांगत होती, डोंगरसिंगभाऊंचं डोकं काय चालते! हिनेही दगा दिला.

११ फेब्रुवारी
डोंगरसिंगला घाटंजीहून भाषणाचं बोलावणं. म्हणाला, सोबत चल, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो. अखेर न्याय! कोट इस्त्रीला दिला.

१२ फेब्रुवारी, घाटंजी
शब्द पाळला. मला पूर्ण नावानिशी उभं केलं. म्हणाला, "हे माझे जिवलग दोस्त. असा ऐकणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही."
टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला.