मोटारींच्या जागेत दोन म्हशी आढळल्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
जांभूळटेक नगरपंचायत, जि. कोल्हापूर.

अर्जदार : गुंडू रामा खोत, रा. जांभूळटेक (सध्या मुक्काम सासुरवाडी, पेठ वडगाव)

विषय : अडलेला भोगवटा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : १) नकाशावरील आपला मंजुरीचा शिक्का, दि. १४/१०/२०२४
२) त्याच नकाशाबाबत आपली नोटीस, दि. ४/८/२०२५

महोदय,

वरील विषयी सविनय कळवितो की,

१. जुने घर पाडून मी नवे बांधले. ते पूर्ण झाले आहे. परंतु दाखल्याशिवाय नळजोडणी मिळत नाही, आणि पाण्याशिवाय म्हशी घेऊन राहता येत नाही. सबब मी, पत्नी शालूबाई, मुलगी निशिगंधा व दोन म्हशी असे, बांधकामाचे दिवस धरून, अकरा महिने सासुरवाडीत आहोत. पहिल्या आठवड्यात मला तांबडा-पांढरा रस्सा होता. हल्ली आमटी असते, तीही मीच वाढून घेतो.

२. घराचा नकाशा निशिगंधाने संगणकावर घराचे नकाशे काढण्याच्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये काढला. त्यात कुत्र्याचे घर आहे, पोहण्याचा तलाव आहे, पण गोठा नाही. म्हणून तिने त्यातल्या त्यात जवळचे असे दोन मोटारींचे गॅरेज निवडले. लांबी-रुंदी म्हशींना अगदी बरोबर होती. बैठकीच्या भिंतीत शेकोटी मात्र सॉफ्टवेअरने आपल्या मनाने घातली. आम्हास वाटले, ती देवळी असावी.

३. सदर सॉफ्टवेअरच्या देशात भिंती लाकडाच्या असतात, हे आम्हास ठाऊक नव्हते. त्याने नकाशासोबत ६१२ नग लाकडाची नऊ पानी यादीही काढून दिली. मलकापूरचे सुतार इमामभाई यांनी ती वाचली व म्हणाले, "गुंडूअण्णा, ही घराची यादी न्हाय, जहाजाची हाय की!" पुढे त्यांनी सहा चौकटी आणि दारे-खिडक्या तेवढ्या केल्या. भिंती विटांच्याच आहेत. यादी फायलीला लावू नये असे माझे मत होते. परंतु आपल्या खिडकीवरील बाईंनी, जेवढी पाने तेवढी फाईल भक्कम, असे सांगितल्याने लावली. परवानाधारक अभियंत्यांनी सही केली, आपण शिक्का मारला. शेकोटीस कोणीही हरकत घेतली नाही.

४. त्यानंतर आपले विश्वजितसाहेब तपासणीस आले. जागा पुरते का हे पाहण्यासाठी त्या दिवशी मी म्हशी सासुरवाडीहून आणून तेथे बांधल्या होत्या. त्यांना चहा दिला, दूध त्याच म्हशींचे होते. त्यांचा शेरा असा : "मोटारींच्या जागेत दोन म्हशी बांधून पाहिल्याचे आढळले, सबब वापरात अनधिकृत बदल. शेकोटी आढळली नाही. लाकूड ६१२ नग आढळले नाही, त्याचा वाहतूक परवाना सादर करावा."

५. जे लाकूड आलेच नाही त्याचा परवाना मागण्यास मी वनखात्याच्या कचेरीत गेलो. ते म्हणतात, आधी लाकूड दाखवा. आपण म्हणता, आधी परवाना दाखवा. मी म्हणतो, निदान कोणीतरी विटा बघा.

६. साहेब, खरे सांगायचे तर मला आता लाज वाटते. परवा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "पावणं, घर बांधलासा का नुसता नकाशाच काढलासा?" मी खाली मान घालून म्हशींना वैरण टाकावयास गेलो. जावयास पाहुणचार किती दिवस असतो, हे आपणही कोणाचे तरी जावई असल्याने जाणताच.

७. आपल्या सूचनेवरून निशिगंधाने सुधारित नकाशा काढला आहे. त्यातून शेकोटी व लाकूड काढून टाकले आहे. गॅरेजमधील मोटारी हटवून तेथे जनावरे दाखविली आहेत. परंतु सॉफ्टवेअरमध्ये म्हैस मिळत नसल्याने नाइलाजाने दोन घोडे ठेवले आहेत. ते म्हशी म्हणून वाचावेत.

तरी मेहेरबानांस विनंती की, आपल्या कार्यालयात मंजुरी न वाचता मिळते आणि तपासणी मात्र वाचून होते. दोन्हींपैकी कोणतीही एकच पद्धत ठेवावी, मला दोन्ही मान्य आहेत. दाखला दसऱ्यापूर्वी मिळाल्यास सोने आमच्याच घराच्या उंबऱ्यात वाटता येईल.

सासुरवाडीस कंटाळलेला, व सासुरवाडी ज्यास कंटाळली आहे असा,
आपला नम्र,
गुंडू रामा खोत
दि. १५/९/२०२५

सोबत :
१) मंजूर नकाशा, शिक्क्यासह
२) लाकडाची यादी, पाने नऊ (परत न दिली तरी चालेल)
३) सुधारित नकाशा
४) दोन्ही म्हशींचा फोटो (घोड्यांचा उपलब्ध नाही)