आजोबांनी हात उचलला

ताई,

मी ड्यूटीला निघालोय. तुला उठवलं नाही, कारण झोपमोड झाल्यावर तू जे बोलतेस ते नर्सिंगच्या विद्यार्थ्यालाही झेपत नाही. उरलेली भाजी मी डब्यात नेलीय, तुझ्यासाठी फ्रिजमध्ये थंडगार हवा ठेवलीय.

काल रात्री जेवताना तू म्हणालीस, शेवटच्या दिवसांत बाबा बेशुद्ध असताना त्यांच्या उशाशी बसून तू उगाचच बडबड केलीस. मला बोलायचं होतं, पण तोंडात घास होता.

कॉलेजात आम्हाला प्लॅस्टिकच्या पुतळ्यालाही सांगूनच हात लावावा लागतो. ‘आजोबा, आता कुशीवर वळवतो हं.’ न सांगता वळवलं तर मॅडम मार्क कापतात. मी तर त्याच्या सुनेचीही चौकशी करायचो.

कालच दुपारी वॉर्डात खऱ्या आजोबांचं अंग पुसून सदरा बदलायचं काम मिळालं. त्यांचे डोळे कित्येक दिवस मिटलेलेच, हाकेला ओ नाही. सवयीनं म्हणालो, ‘आजोबा, आता उजवा हात बाहीत घालतो.’

आणि ताई, तो हात आपणहून उचलला गेला. थोडासाच, बाहीपर्यंत. इतक्या खोल गेलेल्या माणसानं माझ्यासारख्या बावळटाचं ऐकलं. मी बाही धरून तसाच उभा. शेवटी सिस्टर म्हणाल्या, ‘अरे, घाल की आता, हात दुखेल त्यांचा.’

बाबांचं मला ठाऊक नाही, खोटं सांगणार नाही. पण तू त्यांना शेजाऱ्यांची भांडणं आवाज काढून काढून सांगायचीस. ती पोचली असतील, तर माणूस शेवटपर्यंत मजेत होता.

धाकटा